वहीत न लागलेली आग

बुलढाण्याजवळच्या रानात मी फॉरेस्ट गार्ड होतो आणि माझ्या वहीत आग सहसा लागतच नसे. खोटं कशाला सांगू, आम्हा सगळ्या गार्डांची हीच रीत. आग लिहिली की जाब विचारणारा मेमो ठरलेला. मग रस्त्यावरून दिसेल तेवढीच लिहायची, आत दरीतली फांद्यांनी झोडपून विझवायची आणि वहीत 'निरंक' लिहून मोकळं व्हायचं.

नागपूरहून एक साहेब यायचे. वारा, चढ, वाळलं गवत यांची आकडेमोड करून आग कुठून कुठं जाईल ते आधी सांगायचं, हे त्यांचं काम. आमच्या वह्या धरून त्यांनी दोन उन्हाळे अंदाज काढले आणि दोन्ही वेळा तोंडघशी पडले. मी मनात हसलो; खरं तर मला मेल्यालाच लाज वाटायला हवी होती!

तिसऱ्या वर्षी त्यांनी उपग्रहानं वरून काढलेला फोटो टेबलावर पसरला. हिरवं रान त्यात लाल दिसतं, जळालेलं काळं. माझ्याच हद्दीतल्या दरीत घोंगडं टाकल्यासारखा काळा डाग.

"काऊन बे?" आमचे वरिष्ठ, रेंजरसाहेब कडाडले. "तुह्या वहीत तं निरंक हाय!"

 फोटोपुढं काय लपवणार? म्हटलं, "जळालं होतं साहेब. मोहाची फुलं येचाले लोक खालचा पाला जाळतात. तिथून उठते अन् दरीतून वर चढते. दरसाली."

नागपूरचे साहेब चिडले नाहीत. खुर्ची सरकवून म्हणाले, "बसा. आणखी कुठं कुठं?" मी बोट ठेवत गेलो, ते आकडे मांडत गेले. संध्याकाळी उत्तर निघालं: आग अडवायला आधीच गवत जाळून जो मोकळा पट्टा करतात, ती जाळरेषा रस्त्याकडेला नको, दरीच्या माथ्यावर हवी.

रेंजरसाहेब मला म्हणाले, "तुह्या भरवशावर रेषा हालवून राह्यलो. आगीनं ते वलांडली, तं नोकरी गेली समज."

होळीनंतर भरदुपारी आग उठली. मोहाखालूनच! दरीतून धडधडत वर आली, माथ्यावरच्या काळ्या पट्ट्याशी फुरफुरली आणि तिथंच बसली. "बसली! बसली!" मी टोपी उडवून नाचलो. आज साठीत जमणार नाही असा नाचलो, तेव्हा मी चाळिशीचाच होतो.

त्या संध्याकाळी मी वहीत जागा, वेळ, कारण सगळं लिहिलं. रेंजरसाहेबांनी वाचलं आणि सही केली. मेमो आला नाही.

दुसऱ्या दिवशी बाकीचे गार्ड एकेक करून त्या फोटोपाशी आले आणि आपापल्या लपवलेल्या आगी बोटानं दाखवू लागले.