टपालपेटीची किल्ली

सुखदेवकाका पत्र कधी पेटीत टाकत नसत. ते पोस्टमनच्या हातात देत, तो ते थैलीत घालीपर्यंत पाहत आणि थैलीचे तोंड बांधून झाल्यावरच त्याच्या सायकलचे हँडल सोडत. लोक हसत. मी हसत नसे, कारण ही सवय त्यांना ज्या प्रकाराने लागली त्यात माझा हात होता.

काका नांदुऱ्याच्या एका कापसाच्या जिनात फिटर. मी गावच्या शाळेत नवा मास्तर, त्यांचा शेजारी. बिघाड कसलाही असो, अगदी शेजारणीची चूल धुरावत असो, त्यांचे म्हणणे एकच: "इंजनापासून पट्टा धरून चाला मास्तर. कुठं उतरला ते दिसतेच."

महाराष्ट्र नवा होता, तेव्हाची गोष्ट. चावडीच्या भिंतीवर लाल टपालपेटी आली. ती टांगायला दहा मिनिटे लागली, उद्घाटनाला तीन तास. तालुक्याच्या पुढाऱ्यांनी फीत कापली आणि टपालातून लोकशाही कशी वाहते ते सांगितले. पेटीची किल्ली तबकात ठेवून त्यांना अर्पण करण्यात आली. ती कल्पना माझी. आभारही मीच मानले.

त्याच उन्हाळ्यात काकांच्या लेकीला, कुसुमला, शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जागा मिळाल्याचे पत्र आले. पंधरा दिवसांत होकार कळवायचा होता. काकांनी तो माझ्याकडून लिहून घेतला आणि गावच्या तेव्हाच्या रीतीप्रमाणे पोस्टमनला द्यायला गेले. तो म्हणाला, आता पेटी झाली, हातात घेता येत नाही. होकार पेटीत पडला. उत्तर येईना म्हणून दुसरा टाकला, मग तिसरा. अखेर कॉलेजनेच कळवले की आपला होकार न आल्याने जागा दुसरीला दिली आहे.

कुसुमचा मामा लगेच एक स्थळ घेऊन आला. देवाच्याच मनात नव्हते, असे त्याचे मत पडले.

"देवाले काऊन मधात घेता?" काका म्हणाले. "पत्र कुठं अडलं ते आधी पाहू द्या."

त्यांनी स्वतःच्याच नावाचे एक कार्ड पेटीत टाकले. ते आले नाही. शेजारच्या गावच्या पोस्टात विचारले, तर पत्ता अपुरा असेल, असे उत्तर मिळाले. स्वतःच्या घराचा पत्ता काकांनाच ठाऊक नाही का, हा प्रश्न तिथे कोणाला महत्त्वाचा वाटला नाही. मग त्यांनी नांदुरा स्टेशनावरून कार्ड टाकले. ते तिसऱ्या दिवशी घरी आले. काका चावडीवर गेले आणि बोटाने पेटी वाजवून पाहिली. आवाज भरल्या पोत्याचा आला.

"रस्ता चालू हाय. पट्टा इथंच उतरला."

पोस्टमनने शांतपणे खुलासा केला की वाटप त्याचे, पेटी उघडणारा दुसरा कोणी असावा; त्याला तो कधी दिसला नव्हता, इतकेच. किल्ली कोणाकडे, असे काकांनी विचारले. पुढाऱ्यांकडे, मी सांगितले.

पान्याने कुलूप उचकटा, असेही मी सुचवले. "सरकारी कुलूप हाय," ते म्हणाले. "तोडलं तर मले धरतील, अन् पत्र तरी तिथंच राहीन." ते सायकलने पुढाऱ्यांकडे गेले. किल्ली काचेच्या कपाटात, हार घातलेल्या फोटोशेजारी, फितीसकट टांगलेली होती. देताना त्यांनी विचारले, परत कधी आणता?

पेटी ठासून भरलेली निघाली. पोस्टमनने नियमाने एकेक पत्र वेगळे केले आणि सगळ्यांसमक्ष काकांचे कार्ड काकांच्या हातात दिले. त्यावर त्यांच्याच अक्षरात एक ओळ होती: पोचल्याचं कळवा. काकांनी ती वाचली आणि पोस्टमनला म्हणाले, "पोचलं." खाली कुसुमचे तीन होकार होते.

मला ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. संध्याकाळी फक्त म्हणाले, "मास्तर, किल्ली जाताना तुमाले दिसत होती न?"

स्थळ त्यांनी परत पाठवले. कुसुमचे वर्ष मात्र गेले. पुढच्या साली पुन्हा निवड झाली, तेव्हा होकार घेऊन काका नांदुऱ्याला गेले आणि मेल गाडीच्या टपालडब्यात स्वतःच्या हाताने देऊन आले.

गेल्या महिन्यात कुसुमचे कार्ड आले. ती आता मुख्याध्यापिका आहे. काका गेल्याचे तिने लिहिले होते आणि खाली, त्या घराच्या प्रत्येक पत्रात असते तशी, तीच ओळ. मी लगेच उत्तर लिहिले. माझ्या घराच्या कोपऱ्यावरच पेटी आहे, नुकतीच रंगवलेली. तिच्यावरून पुढे गेलो, मैलभरावरच्या पोस्टात पत्र हातात दिले आणि थैलीचे तोंड बांधून होईपर्यंत उभा राहिलो.