ताईचे एकेरी कापलेले ब्लाउज

ताईने तिच्या छातीतली गाठ आमच्यापासून लपवली, आणि ती लपवू शकली कारण तिला शिवता येत होतं.

आज तिचं वर्षश्राद्ध.

दुःख आहेच, पण जास्त भीती आहे. कसली ते सांगते. आधी ताई.

सुनंदाताई, माझी थोरली बहीण. सासर भिवंडीजवळच्या राहनाळला. दारासमोरची भातशेती गेली, गोडाऊन उभी राहिली, घरात गाडी आली, एसी आला. पण बाईंनी स्वतःचा ब्लाउज कधी टेलरकडे टाकला नाही.

"टेलर माप चुकवतो, आन् वर आपल्यालाच सांगतो का तू जाड झालीस."

आम्हा सगळ्या बहिणींचा, भाच्यांचा एकेक मापाचा ब्लाउज तिच्या कपाटात असायचा. फोन करायचा, कापड पाठवायचं, की झालं.

मलाही तिनेच शिकवलं. म्हणजे, प्रयत्न केला बिचारीने.

कापडाची दुहेरी घडी घालायची. वर मापाचा ब्लाउज ठेवायचा, खडूने आखायचं, आणि दोन्ही बाजू एकदम कापायच्या.

"एकेक बाजू कापशील तर एक ल्हान, एक मोठी व्हईल. मंग फिर बाजारात तिरकी!"

खूप हसायचो आम्ही.

मग एका दुपारी तिच्याकडे गेले, तर ताई स्वतःच्या ब्लाउजची डावी बाजू वेगळी कापत होती.

"अगं, घडी कुठंय?"

"कापड पुरत न्हाय. जुळवून कापते."

मला पटलं. कापडाच्या बाबतीत ताईला शहाणपण शिकवणारी मी कोण?

पुढे तिच्या ब्लाउजांना आतून जाड अस्तर यायला लागलं. भिवंडीच्या उन्हाळ्यात अस्तर! विचारलं तर म्हणाली, "आताची कापडं पातळ, सगळं दिसतं."

एकदा डावीकडची शिलाई उसवून सैल केलेली दिसली. "सुती हाय. धुतल्यावर आटलं."

सगळ्याला तिच्याकडे उत्तर होतं. उत्तर शिवणाचंच असायचं, म्हणून आम्ही गप्प बसायचो.

आम्ही बहिणी दरवर्षी वज्रेश्वरीला जातो. आधी दर्शन, मग गरम पाण्याचं कुंड. त्या वर्षी ताई पाण्यात उतरेचना. पायरीवर पाय सोडून बसली.

मी मस्करीत तिचा डावा हात ओढला. "चल गं म्हातारे!"

ती किंचाळली.

कुंडातल्या सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. ताईने हात पोटाशी घट्ट धरला होता आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

तो आवाज मला अजून भांडी घासताना ऐकू येतो. मी नळ बंद करून नुसती उभी राहते.

कुंडावरून तिला थेट डॉक्टरकडे नेलं. गाठ बघून त्यांनी विचारलं, "कधीपासून आहे हे?" ताईने पदर ओढून घेतला.

तिच्या मुलीने, पूजाने, घरी जाऊन हॉस्पिटलसाठी कपडे काढायला कपाट उघडलं. मी सोबत होते. एकेरी कापलेले ब्लाउज नीट घडी करून ठेवलेले. प्रत्येकाची डावी बाजू आधीच्यापेक्षा जरा मोठी.

आम्ही दोघी तिथेच लादीवर बसलो.

हॉस्पिटलमध्ये मी तिच्यावर ओरडले. हो, आजारी बाईवर ओरडले. "सांगायला काय झालं होतं तुला?"

ती म्हणाली, "मना भ्या वाटलं गं. डॉक्टरने नाव घेतलं असतं तर ते खरं झालं असतं. ब्लाउज बसत व्हता तोवर वाटायचं, काय न्हाय झालं."

मला ते अजिबात पटलं नाही. ती गेल्यावरही कितीतरी दिवस माझा राग गेला नव्हता.

आता आजचं.

श्राद्धाला मी तिने माझ्यासाठी शिवलेला शेवटचा ब्लाउज काढला. दुहेरी घडी घालून कापलेला, दोन्ही बाजू अगदी सारख्या.

उजवीकडे बरोबर बसला.

डावीकडे ओढत होता.

आणि मी काय केलं माहितीये? ब्लेड शोधलं. बाजूची शिलाई जरा उसवावी म्हणून. मनात म्हटलंसुद्धा, "धुतल्यावर आटला असेल."

मग लक्षात आलं, हे ताईचं वाक्य आहे.

बोटांनी चाचपून बघावं, तर हात तिथपर्यंत जाईना. हे लिहितेय तोवरही गेलेला नाही.

ब्लेड खिडकीतून भिरकावणार होते. खाली मुलं खेळतात, म्हणून परत शिवणाच्या डब्यात ठेवलं.

पूजाला फोन केला. ती पूर्णा गावातल्या गोडाऊनमध्ये कामाला आहे.

"मावशी, उद्याची ड्युटी बदलून घेते. सकाळी तुझ्या बिल्डिंगखाली उभी राहीन. तू न्हाय आलीस तर वर येऊन उचलून नेईन."

दम देत होती, पण आवाज कापत होता. आधी आई, आता मावशी. त्या पोरीने तरी कुणाकुणासाठी घाबरायचं?

असेलही काही नाही. वजन वाढलं असेल.

पण प्लीज, कमेंटमध्ये "काही नसतं गं" असं लिहू नका. ते मी सकाळपासून स्वतःला सांगतेय, आणि मला ते ऐकायला फार बरं वाटतंय. त्याचीच भीती वाटते.

ताईने कुणाला कळू दिलं नाही. मी तुम्हा सगळ्यांना सांगून टाकलं. आता उद्या मला पळता येणार नाही.

ताई, तुझी शिलाई उसवली नाही गं. उद्या हाच ब्लाउज घालून डॉक्टरकडे जाणार आहे, ओढत असला तरी.

तुझ्यावरचा राग संपला. आता फक्त आठवण येते, आणि भीती वाटते.

नमस्कार करते, ताई.

तुझी धाकटी