थोरल्या साडूंचं शनिवारचं भाष्य

आमच्या थोरल्या साडूंना ठाऊक नाही अशी घडामोड या जगात अजून घडायची आहे. तेलगावकडच्या त्यांच्या गावात शनिवारी बाजार भरतो. त्या दुपारी ते गावाला पीककर्ज देणाऱ्या सोसायटीच्या ओट्यावर बसत, आठवडाभराची वर्तमानपत्रं पुढ्यात घेत आणि देशाचं राजकारण नि अर्थकारण गावाला समजावून सांगत. पेपर सोसायटीचे, ओटा सोसायटीचा, डोकं तेवढं त्यांचं. आधी बातमी, मग भाष्य, हा क्रम कधी चुकला नाही. बातमी सांगताना टोपी मांडीवर असायची आणि भाष्याला ती डोक्यावर चढायची. बातमी पेपरवाल्यांची आणि मत आपलं, हे बहिऱ्यालाही कळावं म्हणून.

त्यांच्या अर्थशास्त्राचं मला फार कुतूहल. "अमेरिकेनं व्याज वाढवलं की आपल्याकडं पानी कमी येतं," असं ते एकदा म्हणाले. मी हसलो. तेव्हा डॉलरवरून तेल, तेलावरून डिझेल आणि डिझेलवरून टँकर असं करत त्यांनी मला बोटाला धरून घरापर्यंत आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी टँकर दोन तास उशिरा आला, तर ड्रायव्हर बायकांसमोर अमेरिकेलाच शिव्या देत होता.

जगाची खडान्‌खडा माहिती असलेला हा माणूस गावाबद्दल मात्र अवाक्षर काढत नसे. का, ते मला कळेना. शेवटी विचारलंच.

"पाव्हणं, दिल्लीवर बोललं की भाष्य होतं. गावावर बोललं की भांडन होतं."

त्यामुळं सोसायटीचे चेअरमनही पहिल्या रांगेत पाय पसरून बसत आणि दिल्लीला नावं ठेवली की खूश होऊन मान डोलवत.

मग तो दुष्काळ आला. सोसायटीनं चारा छावणी उघडली आणि गावाची बहुतेक गुरं तिथं बांधली गेली. एका शनिवारी साडू दिल्लीवर रंगात आले असताना गंगूआत्या उठल्या. त्यांची एकच गाय, तीही गाभण.

"दिल्लीचं ऱ्हाऊ दे बाबा. छावनी बंद व्हनार म्हनत्यात. खरं हाय का?"

साडू सोसायटीत हाताला लागेल तो कागद वाचत, ठरावांचं रजिस्टरसुद्धा. त्यांना ठाऊक असणारच. ते चेअरमनकडं बघत राहिले. खरं सांगतो, त्यांनी विषय टाळावा असंच मला वाटत होतं. हा ओटा गेला तर हा माणूस जगेल कशावर?

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बातमी. सोमवारपासून छावनी बंद. ठराव परवाच झालाय." मग टोपी डोक्यावर चढवली. "भाष्य. सह्या करनारांपैकी एकाचं बी जनावर छावनीत न्हाई."

चेअरमन उठून गेले. सोमवारी सकाळी अख्खं गाव गुरांसकट तहसीलसमोर जाऊन बसलं आणि छावणी पाऊस पडेपर्यंत चालली. साडूंना मात्र ओटा बंद झाला, पेपरही बंद झाले. त्यांच्या घरी ऐकायला कुणी येईना, कारण प्रत्येकाचं काही ना काही सोसायटीत अडकलेलं असतं. गंगूआत्या तेवढ्या खरवस देऊन गेल्या, पण दिल्लीचं त्यांना काही कळत नाही. मला साडूंचा अभिमान वाटतो आणि त्यांच्याकडं बघवतही नाही.

हल्ली शनिवारी मी बीडहून पेपर घेऊन जातो. अंगणात आम्ही दोघंच. परवा त्यांनी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि माझ्या डोक्यावरून पलीकडं बघत विचारलं,

"मागच्यांना ऐकू येतंय का?"

मी मागं वळून पाहिलं नाही.

"येतंय," म्हणालो. "बोला तुम्ही."