रुपाच्या पायांच्या चिखल्या

आज एकादशी. देवाचे पितळ चिंचेने घासायला बसले होते. बाळकृष्ण अर्धाच उजळला होता, तेवढ्यात दारात टेम्पो थांबला आणि कलाबाईची हाक आली, "ललिताबाई, या जी बाहेर! आणली पोरीले!"

तशीच चिंचेच्या हातांनी धावले.

कलाबाई आमच्या शहापुरातली रोवणीची मुकादम. बायांची टोळी घेऊन गावोगाव चिखलात धानाची रोपे रोवते. तिचे माहेर दूर पूर्वेच्या जंगलात. ती तेरा वर्षांची असताना बंदूकवाल्यांनी घरटी एक पोर मागितले. आधी तिला गाणी म्हणायला लावली, मग तांदूळ वाहायला, मग हातात बंदूकच दिली. अकरा महिन्यांनी रोवणीच्या टोळीत मिसळून ती पळाली, ती इकडचीच झाली.

मागच्या आठवड्यात भावाचा निरोप आला. आता बंदूकवाल्यांनी त्याच्या लेकीला, रुपाला मागितले होते. रुपा बारा वर्षांची. कलाबाईने त्याच दिवशी टोळी उचलली आणि त्याच्या गावापलीकडची रोवणी धरली.

"पण भावाच्या गावात धान फेकून पेरतेत जी," कलाबाई सांगत होती. "पोरगी कधी चिखलात उतरलीच नाही. पाय कोरडे! अन् वाटेतल्या नाक्यावर बंदूकवाल्यांचा माणूस बसते. खरी रोवणारी हाय का, ते पाय पाहून ठरवते तो. माह्या वेळी बी पाहले होते. मंग चार दिवस बांधीत, धानाच्या चिखलपाण्यात उभी केली इले."

"चार दिवस! रडली नाही?"

"रडली ना! मले म्हणे, आत्या, तू त्यांच्याहून खराब हायेस!"

टेम्पोतल्या बाया खो खो हसल्या.

नाक्यावर तो माणूस टेम्पोत डोकावला होता. रुपा डोक्यावरून प्लास्टिक ओढून बसलेली. "हे कोण?"

"नवी हाय. रोवते कमी, खाते जास्त," कलाबाई म्हणाली आणि पोरीचे पाय पुढे ओढले. बोटांच्या सांदीत पांढऱ्या, फाटलेल्या चिखल्या. त्याने हात हलवला, टेम्पो सुटला!

देवा, तूच रे बाबा!

मी तिचे पाय कोमट पाण्यात धुतले, हळद-तेल लावले. ती हळूच म्हणाली, "आता पाय दाखवाचे नाही ना?"

"नाही वं माय. आता वही दाखवायची."

हेडमास्तरांनी सांगून ठेवले आहे, कागद नसले तरी घेऊन या, वसतिगृहात जागा आहे. बाळकृष्ण अर्धाच राहिला, तो रागवायचा नाही. शाळा पाचला बंद होते. रुपाचे नाव घालायला निघाले.