तुमी जाऊन या, मी गाडीजवळ हाय

गाडीच्या सीटखाली हात घातला की एखादा शेंगदाणा निघतोच. कितीही झाडा! आमच्या घरातल्या किश्श्यांचं तसंच हाय. आणि दरवेळी हसं होतं ते माझंच, कारण बाकीची मंडळी शहाणी आहेत.

मी कर्जतजवळच्या भिसेगावचा. सात सीटर टुरिस्ट गाडी, मालक मी आणि ड्रायव्हरही मीच. घरची ट्रिप असली तरी स्टेअरिंगवर मीच. आणि पोचलो की माझं एक वाक्य ठरलेलं, "तुमी जाऊन या, मी गाडीजवळ हाय."

*

एकदा अलिबागला गेलो. सगळे पाण्यात, मी पार्किंगमध्ये. दोन तासांनी बायको, सुनंदा, साडीचा काठ पिळत आली. मी विचारलं, "कसा होता समुद्र?"

"ओला होता!"



*

यंदा आमच्या लेकीनं, प्राचीनं, मोबाईलवर जागा शोधली. राजस्थानात मोठं तळं, तळ्यात बेट, बेटावर राजेरजवाड्यांचा जुना महाल. गाड्यांना बंदी, होडीनं जायचं. घरापासून तळ्यापर्यंत ट्रेन.

मी सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "मग पार्किंग कुठं?"

प्राचीनं हसत कपाळावर हात मारला. सुनंदा मात्र हसली नाय. "म्हणूनच ही जागा ठरवली," म्हणाली. "अठरा वर्षं झाली लग्नाला. एक तरी जागा माझ्याबरोबर उभं राहून बघा की हो!"

जिवाला लागलं माझ्या. पण लगेच कबूल करेल तो ड्रायव्हर कसला!

*

मी म्हटलं, "बेट कशाला? माथेरान हाय की उशाला. तिथं पण गाडी चालत नाय."

"गाडी दस्तुरी नाक्यापर्यंत जाते," सुनंदा म्हणाली, "आणि तुमी पण तिथपर्यंतच!"

खोटं कसं म्हणू? हजारदा पॅसेंजर सोडले असतील नाक्यावर, पण पुढं पाऊल नाय टाकलं. एका बाईनं एकदा विचारलं होतं, "भाऊ, वर सगळ्यात छान पॉइंट कुठला?"

मी छातीठोकपणे सांगितलं, "पार्किंग!"

*

मग सुनंदानं फर्मान काढलं, आधी प्रॅक्टिस करा. दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत गप बसून दाखवा. कर्जत-खोपोली एसटीत बसवलंन् मला. आता हाताला काम नाय, मग पाय गप्प बसतो होय? प्रत्येक वळणाला उजवा पाय आपोआप खाली!

खोपोलीचा शिळफाटा आला तसे शेजारचे आजोबा उठले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गाडी बेस चालवलीस रं पोरा. फक्त ब्रेक माझ्या पायावर होता!"

*

शेवटचा आधार आई. गुडघ्यांमुळे ती येणार नव्हती. मी हळूच म्हटलं, "आये, चार दिवस गाडी दारात एकटी. लक्ष कोण ठेवणार?"

"मी ठेवते की रं."

"आन् चोर आला तर?"

"चावी देईन त्याला. सांगेन, ने बाबा, माझी सून तरी सुटंल!"

पोटचा पोरगा मी, आणि ही सुनेच्या पार्टीत! गुपचूप बॅग भरायला घेतली.

*

बॅगेत प्राचीला पिवळं फडकं सापडलं. काच पुसायचं.

"बाबा, हे कशाला?"

"अगं, महाल म्हटल्यावर खिडक्या असतीलच की!"

*

आणि हा परवाचा किस्सा. तळ्याचा घाट. समोर पाण्यात ते बेट, त्यावर पांढराशुभ्र महाल. होडीवाल्यानं हात देऊन प्राचीला आत घेतलं, मग सुनंदाला. मग माझ्याकडं हात केला.

मी पायरीवर दोन्ही पाय रोवून उभा. आणि अठरा वर्षांच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, "तुमी जाऊन या, मी गाडीजवळ हाय."

होडीवाल्याचा हात तसाच राहिला. प्राची खो-खो हसायला लागली. सुनंदानं माझ्या मागं बघितलं. रिकाम्या पायऱ्या, दुसरं काय असणार तिथं! मग तिनं शेजारच्या फळीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली, थोडी सरकली आणि विचारलं,

"कुणाजवळ?"