पेट्रोलचा काटा

आमची गाडी आठवड्यातून तीनदाच बाहेर निघते. मंगळवार, गुरुवार, शनिवार, म्हणजे नवऱ्याच्या डायलिसिसचे दिवस. बाकीचे दिवस ती गोडदेवला बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये धूळ खात उभी असते आणि मी पायी चालते. मी पश्चिमेच्या एका शाळेच्या ऑफिसात काम करते. रेल्वेचा पूल ओलांडून तिथे पोचायला मला सुरुवातीला चाळीस मिनिटं लागायची. आता तीस लागतात. वजनही उतरलं. फायदा झाला म्हणायला एवढाच.

गाडी विकून टाक, असं सगळ्यांनी सांगून झालं होतं. यांची नोकरी सुटल्यावर मी विकणारही होते. पण त्याच सुमारास डायलिसिसहून परत येताना, रिक्षात, एका स्पीडब्रेकरवर हे माझ्या खांद्यावरून सरळ खाली पायांत घसरले. मशीनवरून उतरल्यावर यांचं ब्लडप्रेशर पडतं. सीट मागे पाडून पाय वर घेऊन पडावं लागतं, आणि रिक्षात ते होत नाही. म्हणून गाडी राहिली. केबल गेली, कामवाली गेली, माझा पगार यांच्या आजारपणाच्या रजांनी निम्मा झाला, आणि गाडी राहिली.

तिला पोसायचं तर कापाकापी करायला हवी होती. एसी बंद केला. डिकीतल्या जुन्या छत्र्या, चटई, पाण्याचे कॅन काढून टाकले. दर सोमवारी टायरची हवा बघते. सीएनजी गॅसच्या लायनीत गाडी पुढे सरकवायला मी इंजिन सुरू करत नाही. खाली उतरते, दार उघडं ठेवून एक हात स्टिअरिंगवर ठेवते आणि ढकलते. मागचा रिक्षावाला एकदा म्हणाला, "आंटी, घर तक ऐसे ही ले जाओ ना. गैस काहे को भरते हो?" लायनीतले सगळे हसले. मीही हसले आणि ढकलत राहिले.

मोठा सिग्नल आला की इंजिन बंद करायचं, ही यांची शिकवण. हे स्वतः गाडी चालवायचे तेव्हापासूनची. मी विसरले तर शेजारी बसून हेच चावी फिरवायचे.

पेट्रोलची काटकसर मात्र माझी. आमची गाडी सुरू होते पेट्रोलवर आणि मिनिटभराने गॅसवर जाते. मी म्हटलं, सुरू होण्यापुरतं चमचाभर पुरे, टाकी भरून कशाला ठेवायची? थोडं थोडं टाकायचे. काटा कायम तळाला आणि लाल दिवा कायम पेटलेला. चार महिने असे काढले. एकदाही अडलं नाही, त्यामुळे मी स्वतःला फार हुशार समजत होते.

त्याच महिन्यांत खर्च वाटून घ्यायला जोडीदार मिळाले. राई गावचे एक काका, यांच्याच पाळीला असतात. अकराची पाळी, चार तास. ते आणि त्यांची बायको, म्हणजे मावशी, राईहून बसने स्टेशनला यायचे, पूल चढून पूर्वेला उतरायचे आणि तिथून रिक्षा शोधायचे. मी म्हटलं, आमच्या गाडीत या, एक आठवडा गॅस तुमचा, एक आमचा. मावशी लगेच तयार झाल्या. पहिल्याच दिवशी मागच्या सीटवरून वाकून त्यांनी तो लाल दिवा पाहिला.

"यो कसला दिवा, बाय?"

"पेट्रोल संपत आल्याचा. पण ही गॅसवर चालते, मावशी."

"म्हंजे गारी हाय का गाय हाय तुजी? खायाला घालत न्हाय नि धार काढतेस."

काका मागे खोकत हसले. हेही हसले. तेव्हा यांना हसता येत होतं.

मंगळवार नेहमीच वाईट. शनिवारनंतर मधे दोन दिवस मोकळे जातात आणि प्यायलेलं सगळं पाणी अंगात साठतं. त्या आठवड्यात ऑक्टोबरचा उकाडा होता. यांनी दिवसाचं पाणी मोजून ठेवलेल्या बाटलीतूनच घेतलं, तरी मंगळवारी सकाळी पाय चपलेत जाईनात. श्वास लागत होता. गाडीत पुढे वाकून, दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकून बसले होते. मला एवढंच दिसत होतं की यांना अकराला मशीनवर घालायचंय.

मेट्रोच्या खांबांखालच्या मोठ्या सिग्नलला थांबलो. सवयीने मी चावी फिरवली. इंजिन बंद. दिवा हिरवा झाला, पुन्हा चावी फिरवली. इंजिन घरघरलं, पण सुरू होईना. पुन्हा फिरवली. मागे हॉर्न सुरू झाले. पाच-सहा वेळा तेच.

"थांब," हे धापा टाकत म्हणाले, "बॅटरी जाईल."

मी हात काढला. काय करावं ते सुचेना. रिक्षा शेजारून जात होत्या, सगळ्या भरलेल्या. मी हात केले, एकही थांबली नाही. तेवढ्यात मावशी उतरल्या आणि एका रिक्षाच्या चाकासमोर सरळ उभ्या राहिल्या. आत कानात इयरफोन घातलेला एक तरुण होता.

"उतर, बाबा. दो पेशंट है. इनका मशीन चुकेगा तो क्या तू देगा मशीन?"

तो उतरला. रिक्षावाला म्हणाला, "तीनच बसतील हां."

तीन म्हणजे दोघे पेशंट आणि आमच्यातली एक. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी होती, तिच्यापाशी कोणीतरी थांबायला हवं होतं. मावशी म्हणाल्या, "तू गारी बघ. दोगांना मी नेते." मी यांना धरून रिक्षात बसवलं. फाइल मांडीवर दिली. सीट मागे पाडता येत नव्हती, पाय वर घेता येत नव्हते, आणि मी सोबत नव्हते. रिक्षा गेली.

मग मी गाडी कडेला ढकलली. तशीच, दार उघडं, एक हात स्टिअरिंगवर. या वेळी कोणी विनोद केला नाही.

मेकॅनिक यायला तासभर लागला. मागची सीट उचलून त्याने खाली हात घातला.

"मॅडम, पेट्रोलचा पंप जळालाय. टाकीत कधी भरलं होतं?"

"सुरू होण्यापुरतं असतं की."

"अहो, पंप टाकीच्या आतच असतो. पेट्रोलमध्ये बुडालेला. तेच त्याला थंड ठेवतं. गाडी गॅसवर असली तरी तो फिरतच असतो, टाकी कोरडी ठेवली की चालून चालून जळतो."

नव्या पंपाची किंमत त्याने सांगितली. चार महिन्यांत मी सगळं मिळून जेवढं वाचवलं होतं, त्याहून ती जास्त होती. मी त्याच्याशी घासाघीससुद्धा केली नाही.

गाडी मेकॅनिककडे सोडून रिक्षाने डायलिसिस सेंटरवर पोचले तेव्हा हे मशीनवर होते, डोळे मिटून. रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकली होती. मग वजन, ब्लडप्रेशर, सुया लावणं, यात साडेबारा वाजून गेले होते. सिस्टर म्हणाल्या, "तीनला काढावं लागेल. चार तास होणार नाहीत."

"थोडं पुढे नाही का नेता येणार?"

त्यांनी दाराकडे बोट केलं. बाहेर बाकावर तीनच्या पाळीचे एक आजोबा बसले होते, सुजलेले पाय पसरून, समोरच्या घड्याळाकडे बघत.

यांचा दीड तास गेला. काकांचाही गेला, ज्यांनी त्या आठवड्याचा गॅस भरला होता. मावशी मला एक शब्द वाईट बोलल्या नाहीत. डब्यातली अर्धी भाकरी पुढे केली.

तीनला सुया काढल्या. अंगातलं बरंच पाणी अंगातच राहिलं. गुरुवारपर्यंत हे खुर्चीतच बसून होते, आडवं झालं की गुदमरायचे. तोंड कोरडं पडलं की मी ओला रुमाल ओठांवर फिरवायचे. बाटली कपाटात ठेवली होती. यांनी ती एकदाही मागितली नाही.

पंप बसला. आता काटा अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही. त्यासाठी दुधाची एक पिशवी कमी केली आणि शाळेत दुपारचा चहा सोडला. यापुढे कुठे कापायचं ते मला ठाऊक नाही, आणि डायलिसिस आयुष्यभराचं आहे. मावशी गाडीत बसण्याआधी काचेतून काटा बघतात, मगच दार उघडतात.

त्या सिग्नलला आता मी इंजिन चालूच ठेवते. परवा यांचा हात सवयीने चावीकडे आला. मी बघतेय हे लक्षात आलं तसा तो परत मांडीवर गेला. इंजिन नुसतंच चालू होतं, गॅस जळत होता, आणि आम्ही चौघं सिग्नलच्या लाल दिव्याकडे बघत होतो.