हरतालिकेच्या दिवशीची सुई

लग्न ठरतानाच माझ्या वडिलांनी सांगून टाकलं होतं, मुलीला साखरेचा आजार आहे, रोज इन्सुलिन टोचावं लागतं. सासरची मंडळी पुण्याहून आमच्या शहरात, नारायणगुड्यात आलेली, नवरा नव्यानं उघडलेल्या कॉम्प्युटर कंपनीत. त्यांनी ते चालवून घेतलं. मी जामबागच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायची.

हरतालिकेच्या आदल्या दिवशी नवऱ्यानं इन्सुलिनच्या खोक्यातला कागद सहज वाचला.

"अगं, हे तर गाईच्या स्वादुपिंडातून काढलेलं आहे!"

सासूबाई चौरंग पुसत होत्या. त्यांचा हात तिथंच थांबला.

सकाळी फ्रीजमध्ये बाटली नव्हती. ती मागच्या गॅलरीत चपलांच्या फळीवर होती, भर उन्हात; औषध वाया गेलेलं.

"आज निर्जळी आहे," सासूबाई म्हणाल्या. "खायचंच नाही तर साखर वाढेल कुठून? आज ती सुई नको."

"आई, साखर नुसती ताटातून येत नाही. पोट रिकामं झालं की ग्लुकागॉन नावाचं संप्रेरक वाढतं आणि यकृत साठवलेली साखर सोडायला लागतं. मग चरबी जळते. उपासात तुमचं इन्सुलिन कमी होतं, पण संपत नाही. तेवढंच या सगळ्याला आवर घालतं. माझ्या शरीरात ते बनतच नाही. सुई चुकली तर साखर वाढतच जाईल, चरबी जळतच राहील आणि रक्तात आम्ल साचेल."

हे मी नुसतं पुस्तकातलं सांगत नव्हते. कॉलेजात असताना उलट्या झाल्या, खाल्लं नाही म्हणून सुईही घेतली नाही. शुद्ध आली ती कोठी भागातल्या दवाखान्यात. डॉक्टर ओरडले होते, "खाना छूटा तो भी सुई नक्को छोडो!"

"एका दिवसानं काय होतंय?" नवरा म्हणाला. "आईचं मन राख."

मी पर्स उचलली आणि कोठीला गेले. नवी बाटली बर्फाच्या थर्मासमध्ये घालून परतले, तोवर पूजेला शेजारच्या बायका जमल्या होत्या. आतल्या खोलीत जाता आलं असतं. गेले नाही. हॉलमध्येच बसले, सिरिंज भरली, पदर सरकवून दंडात टोचली. मग ताट वाढून घेतलं आणि पोळी-भाजी खायला बसले.

"सूनबाई, निदान आज तरी..." सासूबाई बायकांकडे बघत म्हणाल्या.

"गाईचं आहे, मला माहीत आहे," मी म्हणाले. "तिच्यामुळे मी जिवंत आहे. मला त्याचा विटाळ वाटत नाही."

ताटातला शेवटचा घासही मी टाकला नाही.

गणपती गेले, दिवाळी झाली, तरी सासूबाई माझ्याशी कामापुरतंच बोलत. बाटली मात्र फ्रीजच्या दारातच राहिली. परत कुणी तिला हात लावला नाही.

पुढं बाजार खुला झाला तसं कोठीच्या दुकानांत गाईचं नसलेलं, माणसाच्या इन्सुलिनसारखं बनवलेलं औषध मिळायला लागलं. डॉक्टरांनी ते लिहून दिलं. नवरा खोकं नाचवतच घरी आला.

"शुद्ध झालं एकदाचं," सासूबाई म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या. "आता हरतालिका धरशील ना?"

"नाही, आई. औषध बदललं. माझं शरीर तेच आहे."

त्या हरतालिकेला शाळेत जाताना मी माझा डबा स्वतः भरला, त्यांच्यासमोर.